नगरसीमेवरील भूमी आणि तिची नोंद

शहराच्या जमिनीचा इतिहास बहुधा किल्ले, बंदरे, बाजारपेठा आणि रस्ते यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्या जमिनीवर कोणाचे नाव लागले, ते कोणी लावले आणि कोणत्या दस्तऐवजाच्या आधारे लावले, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. जुने मोजणीचे नकाशे आज ग्रंथालयांत व वस्तुसंग्रहालयांत कलावस्तूप्रमाणे जपले जातात. त्यांचे रंग, रेषा आणि वळणदार अक्षरे पाहून मन प्रसन्न होते. परंतु हे नकाशे शोभेसाठी काढलेले नव्हते. सारा किती आणि कोणाकडून वसूल करावयाचा, हे ठरविण्यासाठी ते काढले गेले. म्हणून असा नकाशा हाती आला की तीन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते: मोजणी कोणी केली, कशासाठी केली, आणि त्यात कोणाचे नाव लिहिले. या तीन प्रश्नांतून चौथा प्रश्न आपोआप निघतो. तो असा की, त्या जमिनीवर राहणारा, राबणारा माणूस नकाशात कोठे आहे?

प्रस्तुत लेखात या चार प्रश्नांच्या आधारे पश्चिम भारतातील नगरभूमीच्या नोंदींचा मागोवा घ्यावयाचा आहे. मुख्य उदाहरण मुंबई बेटाचे आहे. तथापि नोंदीची परंपरा इंग्रजांपासून सुरू होत नाही. तिचे सर्वांत जुने आणि सर्वांत टिकाऊ पुरावे आपल्याच लेण्यांच्या भिंतींवर कोरलेले आहेत. त्यामुळे आरंभ तेथूनच करणे योग्य होईल.

लेण्यांच्या भिंतींवरील दस्तऐवज

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील, म्हणजे आज ज्यांना पांडवलेणी म्हणतात त्या लेण्यांतील, क्रमांक १० च्या विहारात उषवदाताचे शिलालेख आहेत. उषवदात हा दिनीकाचा पुत्र आणि क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई. त्याच्या एका लेखात भिक्खुसंघाच्या अन्नासाठी दिलेल्या शेताची नोंद आहे. ही नोंद आजच्या खरेदीखताशी ताडून पाहण्यासारखी आहे. विकणाऱ्याचे नाव दिले आहे: वाराहीपुत्र अश्विभूती नावाचा ब्राह्मण. किंमत दिली आहे: चार हजार कार्षापण, आणि तीही अक्षरांत व अंकांत, अशी दोनदा. विकणाऱ्याकडे हक्क कोठून आला तेही सांगितले आहे: शेत त्याच्या वडिलांचे होते. जागा दिली आहे: नगराच्या सीमेवर, वायव्य दिशेला. आणि प्रयोजनही दिले आहे: या लेण्यात राहणाऱ्या, चारही दिशांकडून आलेल्या भिक्खुसंघाचे भोजन या शेतातून चालावे.

विक्रेता, मूल्य, पूर्वीचा हक्क, चतुःसीमेची खूण आणि प्रयोजन ही पाचही अंगे येथे उपस्थित आहेत. नकाशा तेवढा नाही. त्याची जागा दिशेने आणि नगरसीमेने घेतली आहे.

उषवदाताच्या दुसऱ्या एका लेखात तीन हजार कार्षापणांच्या ठेवीची हकिगत येते. त्यांपैकी दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे ठेवले होते. त्यांच्या व्याजातून वर्षावासातील भिक्खूंना चीवरासाठी द्रव्य मिळावयाचे होते. या लेखातील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. हे सर्व दान निगमसभेत जाहीर करण्यात आले आणि रीतीप्रमाणे ‘फलकवार’ येथे नोंदविण्यात आले, असे तो लेख सांगतो. निगमसभा म्हणजे नगरातील व्यापारी-नागरिकांची सभा, आणि फलकवार म्हणजे फलकांवर लिहून नोंदी ठेवण्याची जागा. याचा अर्थ असा की, दाता क्षत्रपाचा जावई असला तरी त्याचे दान केवळ त्याच्या शब्दावर सोडलेले नव्हते. नगराच्या सभेसमोर ते उच्चारले गेले आणि दप्तरात चढले. ते लाकडी फलक काळाच्या ओघात नाहीसे झाले. शिळेवरची प्रत तेवढी उरली.

क्रमांक ३ च्या लेण्यातील गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन लेख याहूनही बोलके आहेत. राज्यवर्ष १८ मधील लेखात गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित याला आज्ञा आहे की, पूर्वी उषवदाताच्या भोगात असलेले अपरकखडी गावातील २०० निवर्तनांचे शेत त्रिरश्मीवरील भिक्खूंना द्यावे. त्या शेतात राजपुरुषांनी प्रवेश करू नये, तेथे मिठासाठी खणू नये, असे परिहारही सोबत दिले आहेत. राज्यवर्ष २४ मधील लेखात राजा आणि राजमाता यांच्या वतीने अमात्य सामक याला कळविले आहे की, कखडी गावातील पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही. म्हणून नगरसीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने भिक्खूंना द्यावीत. आज्ञा कोणी दिली, ती कोणी लिहिली, दस्तऐवज कोणी सांभाळला आणि दगडावर कोणी कोरला, याचीही नोंद या लेखांत सापडते.

या दुसऱ्या लेखातून मिळणारा धडा आजही जुना झालेला नाही. ओस गावातील दान नावावर असूनही भिक्खूंच्या भिक्षापात्रात काही पडत नव्हते. नोंद आणि वहिवाट यांची फारकत झाली होती. राजसत्तेने ती फारकत मान्य केली आणि नगरसीमेवरची, कसता येईल अशी जमीन देऊन ती दुरुस्त केली. नगराजवळच्या जमिनीचे मोल रानातल्या जमिनीहून अधिक असते, हे तेव्हाच्या कारभाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

जेतवनाचा व्यवहार

पालि वाङ्मयातील नगरभूमीचा सर्वांत प्रसिद्ध व्यवहार म्हणजे जेतवनाचा. चुल्लवग्गाच्या सेनासनक्खन्धकात तो येतो. अनाथपिंडिकाला सावत्थीपासून फार दूर नाही आणि फार जवळही नाही, अशी जागा हवी होती. राजकुमार जेताचे उद्यान त्याला पसंत पडले. कोटी कोटी नाणी अंथरली तरी देणार नाही, असे जेत म्हणाला. उद्यान विकले गेले, असा अनाथपिंडिकाने या उद्गाराचा अर्थ घेतला. जेताने ते नाकारले. तेव्हा दोघेही व्यवहार-निर्णय करणाऱ्या महामात्रांकडे गेले. ज्याअर्थी तुम्ही किंमत उच्चारली त्याअर्थी उद्यान विकले गेले, असा निर्णय त्यांनी दिला. पुढे गाड्यांतून आणलेले द्रव्य अंथरले गेले. दाराजवळची थोडी जागा उरली. ती जेताने स्वतःहून दिली आणि तेथे द्वारकोष्ठक बांधले. भारहुतच्या स्तूपावरील, आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये असलेल्या, एका शिल्पात हा प्रसंग कोरलेला आहे. बैलगाडी, चौकोनी नाणी अंथरणारी माणसे आणि खाली ओळख देणारा लेख असे त्याचे स्वरूप आहे.

ही कथा आपण श्रद्धेने वाचतो. ती व्यवहाराच्या दृष्टीनेही वाचावी. राजपुत्र आणि गहपती यांच्यातील वाद न्यायासनापुढे गेला आणि राजपुत्र हरला. विहाराची जमीन कोणाच्या मर्जीवर राहिली नाही. किंमत ठरून, वाद मिटून, हक्क निर्वेध झाल्यावरच ती संघाला अर्पण झाली.

मुंबई बेट: कराराने आलेली मालकी

आता आपण सतराव्या शतकातील मुंबई बेटाकडे वळू. १६६१ च्या विवाह-करारान्वये हे बेट पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाकडे गेले. १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला सोन्याच्या रूपात १० पौंड इतक्या नाममात्र खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. बेट कोणाचे, याचे उत्तर दोन राजघराण्यांनी परस्पर दिले. बेटावरील भातशेते, नारळाच्या वाड्या आणि खाजणे कोणाची, हा प्रश्न मागे राहिला. पोर्तुगीज अमलातील जमीनदार आणि नवे सत्ताधीश यांच्यात त्यावरून तंटे सुरू झाले. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने १६७२ मध्ये जमीनधारकांशी करार केला आणि १६७४ मध्ये तो कायम झाला. जमीनधारकांनी वर्षाला एकूण २०,००० झेराफिन द्यावेत आणि कंपनीने त्यांच्या जमिनींवरील दावा सोडावा, असे त्याचे सार आहे. या रकमेलाच पुढे ‘पेन्शन’ म्हणू लागले.

हा करार करणारी मंडळी म्हणजे बेटावरील प्रमुख जमीनधारक होते. नारळावर चढणारा भंडारी, खाजणात भात लावणारा कुणबी, किनाऱ्यावर जाळे सुकविणारा कोळी हे त्या करारात पक्षकार म्हणून आले नाहीत. ज्याच्याकडून रक्कम घ्यावयाची तोच मालक, हे सूत्र येथे प्रथम पक्के झाले आणि पुढील दोन शतके तेच चालले.

मुंबईच्या धारणापद्धती या सूत्राच्या शाखा आहेत. बेटांमधील खाड्या बांध घालून अडविल्यावर जी खारी जमीन वर आली ती लागवडीस आणण्यासाठी हलक्या खंडाने दिली गेली. तिला फोरास म्हणत. १८५१ च्या कायद्याने फोरास जमिनींवरील आपला वरिष्ठ हक्क सरकारने खंड राखून सोडून दिला. फोरास रोड या नावात ती स्मृती बराच काळ टिकून राहिली. दुसरी पद्धत फझेंदारीची. येथे जमीन फझेंदाराची आणि तिच्यावरील घर मात्र रहिवाशाचे, अशी विभागणी असे. रहिवासी वर्षाला थोडे भुईभाडे देई. पुष्कळदा त्याचा लेखी करारच नसे. चार पिढ्या त्या घरात नांदल्यावर, भिंती आपल्या असल्या तरी भुई आपली नाही, हे एखाद्या नोटिशीने कळे. अशा वादांनी न्यायालयांची दप्तरे भरली आहेत.

डिकिन्सन आणि लॉटन यांच्या मोजण्या

१८०३ मध्ये कोटातील मोठ्या आगीनंतर बाहेरची वस्ती वाढत गेली आणि जमिनीचे भाव चढू लागले. कोणती जमीन कोणत्या धारणेची, याचा हिशेब सरकारला लागेना. त्यातून १८११ मध्ये बेटाची महसुली मोजणी हाती घेण्यात आली आणि ती १८२७ मध्ये पुरी झाली. कॅप्टन थॉमस डिकिन्सन यांच्या नावाने ती ओळखली जाते.

त्यानंतरची मोठी मोजणी लॉटनची. तिची पार्श्वभूमी ध्यानात घेण्याजोगी आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पाडण्यात आल्या. समुद्र हटवून जमीन काढण्यासाठी कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांच्या भागांचा सट्टा झाला आणि १८६५ मध्ये तो कोसळला. त्याच वर्षी जॉर्ज लॉटन या लष्करी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली शहराची मोजणी सुरू झाली आणि ती १८७२ पर्यंत चालली. दाट वस्तीच्या भागाचे नकाशे एका इंचाला चाळीस फूट या प्रमाणावर काढले गेले. म्हणजे वीस फूट रुंदीचे घर कागदावर अर्धा इंच भरते. गल्ल्या, बोळ, विहिरी, तलाव आणि घरांचे आकार अशा नकाशात वेगवेगळे दाखविता येतात. प्रत्येक तुकड्याला क्रमांक मिळाला. पुढे फेरमोजणी होऊन नवे क्रमांक आले. आज शहर विभागातील ‘सी. एस. नंबर’ आणि उपनगरातील ‘सी. टी. एस. नंबर’ हे याच परंपरेतील आहेत.

मोजणीच्या पाठोपाठ १८७६ चा मुंबई शहर जमीन महसूल कायदा आला. या कायद्यात ‘सुपीरियर होल्डर’ ही संज्ञा आहे. सरकारच्या खालोखाल ज्याचा हक्क सर्वांत वरचा आणि सारा भरण्याची जबाबदारी ज्याच्यावर, तो सुपीरियर होल्डर. कलेक्टरच्या नोंदवहीचा रोख त्याच्याकडे. त्याच्या खालचा पट्टेदार, त्याच्या खालचा घरमालक, त्याचा भाडोत्री आणि भाडोत्र्याने खोलीच्या कोपऱ्यात ठेवून घेतलेला गाववाला यांच्याशी सरकारी साऱ्याला कर्तव्य नव्हते. चाळीस फुटांना एक इंच इतक्या बारकाईने काढलेल्या नकाशात विहिरीचा गोल दिसतो. त्या विहिरीवर कोणाला पाणी भरू देत नव्हते, ते दिसत नाही. हा मोजणीदाराच्या हाताचा दोष मानता येणार नाही. ज्या कामासाठी नकाशा काढला त्या कामाला ती माहिती लागत नव्हती.

नकाशात नसलेली माणसे

या वगळण्याचे परिणाम १८९६ च्या प्लेगनंतर उघड झाले. १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि नवी घरे बांधणे ही त्याची कामे होती. जमिनी संपादन करताना भरपाई नोंदलेल्या हक्काच्या प्रमाणात ठरे. ज्याचे नाव नकाशाच्या क्रमांकापुढे होते त्याला मोबदला मिळाला. महिन्याच्या भाड्यावर राहणाऱ्याचा हक्क मात्र महिन्याभराच्या नोटिशीइतकाच होता. पहिल्या दशकात ट्रस्टने जेवढे गाळे पाडले तेवढे बांधले नाहीत. पाडलेल्या घरांतील माणसे शेजारच्या चाळींत दाटीवाटीने शिरली आणि जी दाटी हटविण्यासाठी ट्रस्ट निघाला होता ती दुसरीकडे सरकली. पुढे १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील बी. डी. डी. चाळी त्याने बांधल्या. १९३३ मध्ये ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला.

कोकणातून आणि देशावरून आलेल्या पूर्वास्पृश्य कामगारांचा मुंबईतील इतिहास या चाळींत घडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत कितीतरी वर्षे राहिले. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले. तो परिसरही ट्रस्टच्याच दादर-माटुंगा योजनेतून वसविलेला आहे. एकाच संस्थेने आखलेल्या भूमीवर भाड्याची खोली आणि ग्रंथांसाठी बांधलेले स्वतःचे घर, अशी ही वाटचाल आहे. त्या घराला मगधाच्या राजधानीचे नाव दिले गेले, हे या नियतकालिकाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

सफाई कामगारांची स्थिती याहून निराळी होती. त्यांना नगरपालिकेच्या वसाहतीत खोली मिळे, ती कामाच्या बदल्यात. काम सुटले की खोली सुटे. गावातील महार वतनाचे तत्त्वही हेच होते. सेवा आहे तोवर जमीन. शहरात आल्याने माणसाचा गावगाडा सुटला. जमिनीशी असलेले त्याचे नाते मात्र पुष्कळ ठिकाणी जुन्याच साच्यात राहिले.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या, मालकी हक्काच्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. भाडोत्र्याचे नाव मालकाच्या रकान्यात यावयाला शंभर वर्षे लागली.

महाड: तळे कोणाचे?

नोंदीतील मालकी आणि माणसाचा हक्क यांचा संबंध सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात. आपण या प्रकरणाकडे सत्याग्रहाच्या बाजूने नेहमी पाहतो. नगरभूमीच्या मालकीचा दावा म्हणूनही ते अभ्यासण्याजोगे आहे.

१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव मंजूर झाला. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने आपले तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी तळ्यावर गेले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरातील दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर, १२ डिसेंबर १९२७ रोजी, सनातनी मंडळींनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे सार्वजनिक नसून स्पृश्यांच्या खाजगी मालकीचे आहे, हे त्यांचे पहिले म्हणणे. अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून आहे, हे दुसरे.

हे तळे सुमारे चार ते पाच एकरांचे. त्याच्याभोवती नगरपालिकेचे रस्ते, पलीकडे बहुतांशी सवर्णांची घरे, आणि काठावरील काही पट्ट्या व पायऱ्या घरमालकांच्या. काठ ज्याचा त्याचे पाणी, असा समज अशा रचनेतून सहज रूढ होतो. न्यायालयात तो टिकला नाही. तळे नगरपालिकेचे ठरले. काठाच्या पट्टीची मालकी पाण्याच्या मालकीत रूपांतरित होऊ शकली नाही. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला आणि ठाण्याच्या न्यायालयातील अपीलही १९३३ मध्ये फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निर्णय दिला. अनादी रूढी सिद्ध करण्याचा भार वाद्यांवर आहे आणि तो त्यांनी पेललेला नाही, हे त्या निर्णयाचे सार आहे.

मालकीचा मुद्दा कोसळल्याबरोबर वाद्यांच्या हाती केवळ रूढी उरली, आणि रूढीला पुरावा लागतो. तळे खाजगी ठरले असते तर रूढी सिद्ध करण्याची गरजच उरली नसती. मालकाची मनाई पुरेशी झाली असती. ‘मालक’ या एका रकान्यात कोणाचे नाव आहे, यावर हजारो माणसांचे पाणी अवलंबून होते. १९५० पासून अमलात असलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये राज्याच्या पैशाने राखलेल्या किंवा जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या विहिरी व तलाव सर्वांना खुले आहेत. या तरतुदीमागे महाडचा हा दहा वर्षांचा झगडा उभा आहे.

हाडकी-हाडोळा आणि शहराची वाढती सीमा

जुन्या गावनकाशांत गावाच्या कडेला काही तुकडे महार वतनाचे, लोकभाषेत हाडकी-हाडोळ्याचे, म्हणून आढळतात. महसुली दप्तरात त्यांची नोंद इनाम वर्ग ६-ब अशी होते. १८७४ च्या वतन कायद्याने या जमिनी सेवेशी बांधल्या होत्या. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. वतनदार महाराला सक्तीच्या सेवेतून सोडवून त्याची जमीन रयतावा म्हणून त्याला मिळावी, हा त्यामागील विचार होता. त्या वेळी ते विधेयक पार पडले नाही. १९५८ च्या कनिष्ठ गावनोकर वतने निर्मूलन कायद्याने ही वतने संपली. कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर जमीन पूर्वीच्या वतनदाराला पुन्हा देण्याची तरतूद झाली. मात्र ती नव्या शर्तीने दिली गेली, म्हणजे कलेक्टरांच्या पूर्वपरवानगीवाचून ती विकता येत नाही.

गाव गाव होते तोवर या जमिनींना मोल नव्हते. पुण्यासारखी शहरे पसरत गेली आणि आजूबाजूची गावे त्यांत ओढली गेली, तेव्हा शिवेवरचे हे तुकडे नगरसीमेवर आले. राज्यवर्ष २४ च्या लेखात नगरसीमेवरील जमीन मुद्दाम निवडून दिलेली आपण पाहिली. येथे सीमा स्वतःच चालून आली आणि तिच्यासोबत मोठ्या किमतीचे व्यवहारही आले. अशा वेळी नव्या शर्तीचा तो एक शेरा कुटुंबाचे संरक्षण करतो. परंतु तो शेरा कोठे आहे, कोणत्या फेरफाराने पडला, आणि तो उठविण्यासाठी कोणाच्या सहीने अर्ज गेला, हे कुटुंबालाच ठाऊक नसेल तर संरक्षण कागदावरच राहते.

आजचे नकाशे आणि आपले विहार

नोंदीचे युग संपलेले नाही. १९७६ च्या जानेवारीत मुंबईतील सार्वजनिक जमिनींवरील झोपडपट्ट्यांची गणना झाली आणि रहिवाशांना फोटोपास मिळाले. फोटोपास माणसाला ओळखतो. जमीन तो त्याच्या नावावर करीत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका देण्यात येतात. जेथे आपली वस्ती गावठाणाच्या नोंदलेल्या हद्दीबाहेर आहे तेथे ही मोजणी वस्तीपर्यंत पोहोचते की नाही, हे ग्रामस्थांनीच पाहिले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर विहारांचा प्रश्न विचारात घ्यावा. १९५६ नंतर वस्त्यावस्त्यांतून लोकवर्गणीने विहार उभे राहिले. पुष्कळ ठिकाणी जागा तोंडी शब्दावर मिळाली. कोणी उपासकाने आपल्या घराशेजारची दिली, कोठे चाळीच्या मोकळ्या पटांगणात ओटा बांधला गेला. पन्नास-साठ वर्षे बुद्धवंदना होते, जयंती होते, मुलांची अभ्यासिका चालते. मग दात्याचे वारस बदलतात, जमीन विकली जाते किंवा पुनर्विकासाचा आराखडा येतो. त्या आराखड्यात विहाराच्या जागी क्रमांक असतो आणि क्रमांकापुढे दुसऱ्याचेच नाव असते. उषवदाताचे दान निगमसभेत उच्चारले गेले आणि फलकावर चढले. आपल्या पुष्कळ विहारांचे दान उच्चारले गेले, परंतु चढले नाही.

म्हणून प्रत्येक विहार समितीने निदान चार गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली, नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा व मोजणी नकाशाची नक्कल काढून विहाराची जागा कोणत्या क्रमांकात येते आणि धारक कोण आहे ते पाहावे. दुसरी, दान तोंडी असेल आणि दाता वा त्याचे वारस अनुकूल असतील तर नोंदणीकृत दानपत्र करून घ्यावे. तिसरी, संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर तिच्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यात ही स्थावर मिळकत दाखल आहे का ते पाहावे. चौथी, वीज देयके, कर-पावत्या, जुनी निमंत्रणपत्रे, छायाचित्रे आणि वर्गणीच्या वह्या तारखेनुसार जपून ठेवाव्यात. महसुली नोंद खरी मानली जाते ती विरुद्ध पुरावा येईपर्यंतच, आणि तो पुरावा बहुधा अशाच कागदांतून उभा राहतो.

त्रिरश्मीच्या डोंगरावरील भिक्खूंचे शेत कोठे होते, हे आज कोणी बोट ठेवून दाखवू शकणार नाही. त्या शेताची किंमत, विक्रेत्याचे नाव आणि दिशा मात्र जवळजवळ दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते, कारण कोणीतरी ती कोरून ठेवण्याची तसदी घेतली. आपल्या वस्तीतील विहाराची जागा कोणी दिली, कोणत्या वर्षी दिली, वर्गणी किती जमली आणि पहिला ओटा कोणी बांधला, हे सांगणारी वयोवृद्ध माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडून ते सविस्तर लिहून घ्यावे, खाली त्यांची सही घ्यावी, तारीख घालावी आणि एक प्रत विहाराच्या दप्तरात ठेवावी. हे काम येत्या वर्षावासात सुरू करता येईल.